रजिस्टरात नसलेलं मूल

मिठू अलूर यांच्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येतं, ते बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातं. मुलगी अपंग जन्मली, आई डगमगली नाही, तिनं शाळा काढली, पुढं पद्मश्री मिळाली. सोबत मायलेकींचा हसरा फोटो. मातृदिन जवळ आला की हमखास. यातलं काही खोटं नाही, पण मला या मांडणीचा आता कंटाळा आला आहे. आईच्या काळजाचं एवढं कौतुक करायचं, की त्या बाईच्या डोक्याकडं बघायची गरजच उरत नाही.

मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते. लोक अजून मुख्यसेविकाच म्हणतात. मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारीच्या पट्ट्यात, पंचवीसेक अंगणवाड्यांचं बीट सांभाळून निवृत्त झाले. अलूर बाईंनी आमच्या योजनेवर एक मोठा अभ्यास लिहिला आहे. इतक्या प्रशिक्षणांना बसले, चहा-बिस्किटं खाल्ली, हजेरीपटावर सह्या केल्या, पण या अभ्यासाचं नाव एकाही प्रशिक्षणात ऐकलं नाही. निवृत्तीनंतर समाजकार्य शिकणाऱ्या भाचीनं तो हातात ठेवला. वाचला, आणि आमच्याच रजिस्टरांचे रकाने डोळ्यांपुढं आले.

आधी बाईंची गोष्ट, थोडक्यात. मुलगी मालिनी हिचा जन्म १९६६ चा, कलकत्त्याचा. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि मेंदूला इजा झाली. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हालचालींना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला मार बसतो, मग हातपाय ताठरतात, मान धरत नाही, जीभ वळत नाही. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, पण बोलता येत नाही आणि हात हलत नाही म्हटल्यावर समोरच्याला ती दिसत नाही. इथल्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. पुढं कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथं अशा मुलांसाठी शाळा होत्या, व्यायाम देणारे आणि बोलायला शिकवणारे तज्ज्ञ होते. मालिनी शिकू लागली. आईनंही लंडनमध्ये अशा मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. परत आल्यावर मुंबईसारख्या शहरात मुलीला घालायला शाळा सापडेना. मग १९७२ साली कुलाब्यातल्या एका बंगल्यात ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’चं काम सुरू झालं. मुलं तीन. नर्गिस दत्त पाठीशी उभ्या राहिल्या.

मुंबईत त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. जय वकील बाईंनी १९४४ मध्येच आपल्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, शाळा सुरू केली होती. पण ज्या मुलाला समजतं सगळं आणि शरीर मात्र साथ देत नाही, त्याची फरफट वेगळी. व्यायामाला इस्पितळात जायचं आणि शिक्षणाला घरी बसायचं. कुलाब्यात व्यायाम, वाचा आणि अभ्यास एका छपराखाली आले. ज्या मुलाला नीट बसता येत नाही, त्याला आधी बसायला योग्य खुर्ची लागते. मग हात मोकळे होतात, मग अक्षर गिरवता येतं. या क्रमानं शिकवणारं तोवर इथं कुणी नव्हतं.

मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाली, लंडनहून दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आली आणि तिनं आपलं आत्मचरित्र एका बोटानं टंकून लिहिलं. २०१४ चा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा सिनेमा दिग्दर्शिका शोनाली बोस यांना सुचला तो या नात्यातल्या बहिणीवरून. सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. मी टीव्हीवर पाहिला, आणि शेजारणीनं मध्येच विचारलं, “खरंच अशा मुलींना प्रेमाबिमाचं असं काही वाटत असतं?” वाटतं हो. न वाटायला काय झालं?

मुंबईपाठोपाठ इतर शहरांतही अशाच संस्था उभ्या राहिल्या. १९७४ मध्ये कलकत्त्यात सुधा कौल, १९८५ मध्ये मद्रासमध्ये पूनम नटराजन. पुढं स्वमग्न मुलांसाठी दिल्लीत मेरी बरुआ. जय वकील धरून यादी काढली, तर या देशातल्या विशेष शिक्षणाचा पाया पुष्कळ ठिकाणी आयांनीच घातलेला दिसतो. आपण त्यांना पद्म पुरस्कार देतो, सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. सरकारला ही सोय फार आवडते. आई करतेच आहे, तर खात्यानं कशाला करायचं? अनुदानाची फाईल वर्षाकाठी एकदा हलवली की झालं.

अलूर बाईंचं मोठेपण मला इथून पुढं दिसतं. शाळा चालली, नाव झालं, १९८९ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण नव्वदच्या दशकात, पन्नाशीच्या आसपास, त्यांनी पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं ठरवलं आणि लंडन विद्यापीठात पीएच.डी.साठी विषय घेतला तो आमची अंगणवाडी. इस्पितळ नाही, विशेष शाळाही नाही. देशातल्या लहान मुलांसाठीची सर्वांत मोठी सरकारी योजना. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली, शून्य ते सहा वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया यांच्यासाठी, सहा सेवांची. योजनेचं धोरण सगळ्या मुलांबद्दल बोलतं. मग त्यात अपंग मूल कुठं आहे, हा त्यांचा प्रश्न. त्या प्रबंधाच्या नावातच ही मुलं ‘अदृश्य’ आहेत.

अंगणवाडीचं दप्तर ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. कुटुंब सर्वेक्षण, गरोदर माता, स्तनदा माता, लसीकरण, आहार वाटप, वजन, पूर्वशालेय हजेरी, गृहभेटी, एकाला एक लागून रजिस्टरं. त्यांची बेरीज करून मासिक प्रगती अहवाल जातो प्रकल्प कार्यालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून वर. सेविकेचं काम कसं चाललंय ते त्या आकड्यांवरून ठरतं. ज्याला रकाना आहे त्याच्याबद्दल विचारणा होते. ज्याला रकाना नाही त्याच्याबद्दल कोण कशाला विचारील?

माझ्या बीटमधला एक मुलगा सांगते. तीन वर्षांचा असेल तेव्हा. आईबाप ऊसतोडीला गेले की आजीजवळ. पाय ताठ, एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले. वजनाचा साल्टर काटा आढ्याला टांगायचा आणि मुलाचे पाय झोळीत घालून लटकवायचं, अशी आमची पद्धत. त्याचे पाय झोळीत जाईनात. शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या मोठ्या काट्यावर आजीला त्याच्यासकट उभं केलं, मग एकटीला, आणि वजाबाकी केली. आठ किलोच्या आसपास भरलं. त्या काळच्या कोष्टकात श्रेणी तीन, म्हणजे तीव्र कुपोषित. रजिस्टरात त्याची नोंद झाली ती अशी. नियमाप्रमाणं दुप्पट आहार सुरू झाला.

दोन महिन्यांनी आढावा बैठकीत विचारणा: श्रेणी तीनचं मूल श्रेणी दोनमध्ये का आलं नाही? सेविका उभी राहिली, खाली मान घालून. आहार तर ती इमानेइतबारे देत होती, घरी जाऊन भरवतही होती. पण पोराला चावता येत नव्हतं. घास जिभेनं बाहेर ढकलला जायचा, पातळ दिलं की ठसका लागायचा. त्याला पाठीला टेकू देऊन सरळ बसवायचं, मान मागं पडू द्यायची नाही, घास मऊ करून गालाच्या बाजूनं ठेवायचा, या गोष्टी तिला कुणी सांगितलेल्या नव्हत्या. कुलाब्यातल्या त्या बंगल्यात हे ज्ञान १९७२ पासून होतं. मंगळवेढ्याच्या रस्त्याला ते लागलं नव्हतं. आमच्या खात्याला त्याचं वजन दिसत होतं, तो दिसत नव्हता.

अलूर बाईंचा अभ्यास वाचताना मला ही बैठक आठवली. त्यांनी कुणा एका सेविकेवर किंवा अधिकाऱ्यावर खापर फोडलेलं नाही. या मुलांना वगळा असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. घ्या असंही कुणी ठामपणे लिहिलं नव्हतं. सेविकेच्या प्रशिक्षणात या मुलांसाठी काही नाही. बालविकास एका खात्याकडं, शिक्षण दुसऱ्याकडं, अपंगत्व तिसऱ्याकडं, म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आणि अपंगांचं म्हटलं की संस्था आहेतच की, ही सोयीची समजूत. धोरणाचं हे पोस्टमॉर्टेम म्हणजे माझ्या दृष्टीनं त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत कठोर काम. त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही, ही गोष्ट वेगळी.

तारा मोडक यांचं नाव महाराष्ट्रात अंगणवाडीच्या संदर्भात आदरानं घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला त्यांनी हे करून दाखवलं, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं. आदिवासी पाड्यांसाठी हे खरं असेल, तर ज्याला पाय टाकता येत नाही त्याच्यासाठी दुप्पट खरं. ताराबाईंचा फोटो आमच्या प्रशिक्षण केंद्रात होता. अलूर बाईंचा अभ्यास त्याच भिंतीखाली ठेवायला काय हरकत होती?

अभ्यासानंतर त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. जिनं विशेष शाळा उभी केली तीच बाई म्हणू लागली, की या मुलांना शक्य तिथं साध्या शाळेत, शेजारच्या मुलांबरोबर शिकू द्या. १९९९ मध्ये समावेशक शिक्षणासाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र उभं केलं, आपल्या शाळेतली मुलं नेहमीच्या शाळांत पाठवायला सुरुवात केली आणि विशेष शाळेचं काम त्या शाळांना मदत करण्याकडं वळवलं. पुढं संस्थेनं नावही बदललं. आता ‘अडॅप्ट’ म्हणतात. धारावीत, जिथं अंगणवाडी योजनेचा या राज्यातल्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक प्रकल्प सुरू झाला होता, तिथल्या वस्तीत जाऊन लहान मुलांना एकत्र बसवण्याचं काम केलं. गरीब वस्तीत, कमी शिकलेल्या बायांच्या हातून हे होऊ शकतं, एवढं त्यांना दाखवायचं होतं. माझ्या सेविकांना हे कुणी दाखवलं असतं, तर त्यांनीही केलं असतं. त्यात मला तिळमात्र शंका नाही.

तरी अलूर बाईंचं सगळं मला पटतं असं नाही. साध्या शाळेत घाला म्हणणं सोपं, पण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात तिथं हे मूल भिंतीकडेला बसून राहतं. नाव पटावर, दप्तर पाठीवर, आणि दिवसभर त्याच्याशी कुणी बोललेलं नाही. कर्णबधिर मुलांची गोष्ट आणखी वेगळी. खुणांची भाषा जिथं सगळे बोलतात ती शाळा त्यांना आपली वाटते, ती मोडून त्यांना ऐकणाऱ्यांच्या वर्गात एकेकटं नेऊन बसवण्यात काय शहाणपण? विशेष शाळांतले शिक्षक समावेशनाच्या नावानं घाबरतात तेही उगाच नाही. अनुदान बंद करायला सरकारला निमित्तच हवं असतं. पण या सगळ्या आक्षेपांची उत्तरं पैशांत आणि माणसांत आहेत. ती मुलाला घरी ठेवण्यात नाहीत.

आणि पैसे नि माणसं यांच्याबाबत आपण काय केलं? कायदे भरपूर केले. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास, २००९ चा शिक्षण हक्क, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. कायद्यात अपंगत्वाचे आधी सात प्रकार होते, आता एकवीस. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगून टाकलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागं एक विशेष शिक्षक हवा. आपल्या राज्यात हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी होते. २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० पदं मंजूर झाली, म्हणजे एका केंद्राला एक माणूस. एका केंद्रात दहाबारा गावं असतात, बस दिवसातून दोनदा. बाकी हिशोब वाचकांनी करावा.

शिवाय जे मूल विशेष शाळेत जातं, ते आजही शिक्षण खात्याचं नसतं. आधी सामाजिक न्याय, २०२२ पासून दिव्यांग कल्याण. स्वतंत्र विभाग झाला याचा आनंद आहे. पण शिक्षणमंत्र्यांना या मुलांच्या वाचनाबद्दल विधानसभेत कुणी जाब विचारू शकत नाही, ही गोष्ट मला खटकते. अलूर बाईंनी तीन खात्यांबद्दल लिहिलं होतं, ते राज्यातही जसंच्या तसं लागू आहे.

अंगणवाडीपुरतं सांगायचं तर, दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यावं याची केंद्राची कार्यपद्धती आली नोव्हेंबर २०२३ मध्ये. योजना सुरू झाल्यावर अठ्ठेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात, २०१३ पासून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाड्या वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासू लागल्या होत्या, जन्मजात दोष आणि वाढीतला उशीर त्यात धरला होता. ते चांगलंच झालं. पण तपासून चिठ्ठी मिळते, ती घेऊन आजीनं सोलापूरला जायचं. दिवसाची मजुरी बुडवायची, मुलाला काखेत घेऊन एसटीत चढायचं, आणि तिथं सांगणार, लहान आहे, नंतर आणा. पहिली तीन वर्षं मेंदू सर्वांत जास्त घडतो असं आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवलं गेलं. हे ज्याला सर्वांत जास्त लागू, त्यालाच नंतर बोलावतात.

सेविकेकडं बोट दाखवणाऱ्यांना एक सांगून ठेवते. तिला पगार नाही, मानधन आहे. तिच्याकडं निवडणूक याद्या, सर्वेक्षणं, लसीकरण शिबिरं, आणि आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर. रेंज नसली तर टेकडीवर जाऊन माहिती भरते. कार्यपद्धतीची पुस्तिका तिच्या हाती द्यायची आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकायचं, एवढ्यानं हे होणार नाही. तिला या मुलांसाठी महिन्यातून एकदा तरी जाणकार माणूस सोबतीला हवा. हातात हात धरून दाखवणारा, भाषण देणारा नव्हे. वजनाचा साधा सपाट काटा हवा. कोपऱ्यात बसवता येईल अशी लाकडी खुर्ची गावातला सुतार दोन दिवसांत करून देतो, फक्त तिची मापं कुणीतरी द्यायला हवीत. आणि मासिक अहवालात एक रकाना हवा, ज्यावर बैठकीत विचारणा होईल: अशी मुलं किती, त्यांतली या महिन्यात किती दिवस आली, काय नवं शिकली.

गावाकडं पैसा अजिबात नाही असंही नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचा आहे. पुष्कळ ठिकाणी पाच टक्क्यांचे पैसे मार्चअखेरीला नोंदणीकृत दिव्यांगांत थोडे थोडे वाटून टाकतात आणि फोटो काढतात. तीन वर्षांचं मूल त्या यादीत नसतंच, कारण त्याचं प्रमाणपत्र निघालेलं नसतं. त्याच पैशांतून अंगणवाडीला उतार बांधता येतो, ती खुर्ची करता येते, महिन्यातून एकदा तालुक्याहून थेरपिस्टला आणायला रिक्षा लावता येते.

तेव्हा अलूर बाईंवरचा पुढचा लेख वाचून डोळे पुसण्याआधी एक काम करा. येत्या ग्रामसभेला जा. शहरात असाल तर नगरसेवकाला गाठा. आपल्या अंगणवाडीच्या हद्दीत सहा वर्षांखालची किती दिव्यांग मुलं नोंदलेली आहेत आणि त्यातली किती रोज येतात, हे दोन आकडे मागा. पहिला आकडा शून्य सांगितला तर विश्वास ठेवू नका. पुन्हा घरोघर सर्वेक्षण करायला सांगा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.